तुमच्या नियमात आमची ‘शिल्लक’ बसली

मॅडम,
स. न. वि. वि.

हिंजवडीतल्या तुमच्या टीमने कोड तपासायचे आपले नियम ओपन सोर्स केले, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येतील असे खुले केले, त्याबद्दल ई-मेलवर आभार मानून झालेत. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण त्यामागची उस्तवार बाहेर कुणाला दिसत नाही.

नारायण पेठेत आमचं छोटं ऑफिस. पतसंस्थांसाठी जावामध्ये सॉफ्टवेअर करतो. विकतची तपासणी साधनं पाहिली होती, पण काहींची फी कोडच्या ओळींवर ठरते आणि आमचा कोड जुना, म्हणजे ऐसपैस. पीएमडी हे कोडातल्या चुका शोधणारं फुकटचं साधन वापरत होतो. मात्र त्याचे नियम सगळ्या जगासाठी. पतसंस्थेची दुखणी वेगळी. १.००५ हा आकडा डबलमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या जावाच्या प्रकारात, किंचित कमी साठवला जातो. दोन दशांशांपर्यंत राउंड केलं की १.०१ ऐवजी १.०० येतात. एका खात्यात कुणी विचारत नाही, पण सगळ्या ठेवींचं व्याज एकत्र मांडलं की ताळा जुळत नाही आणि ऑडिटर चष्मा पुसायला घेतो.

तुमचा नियम नेमका इथे हात घालतो: अमाउंट, बॅलन्स, इंटरेस्ट अशा नावांचं व्हेरिएबल डबल किंवा त्याचाच भाऊ फ्लोट दिसलं की हटकतो आणि दशांश अचूक ठेवणारा बिगडेसिमल वापरायला सांगतो. आमच्याकडे मात्र तो गप्प बसला, कारण आमच्या कोडात नावं रक्कम, शिल्लक, व्याज अशी, रोमन लिपीत. बंद साधन असतं तर कंपनीला विनंती करून वाट बघावी लागली असती. तुमचा नियम एक्सपाथ या शोधभाषेत लिहिलेला, समोर उघडा. आम्ही आमची नावं घालून बदल पाठवला.

तुम्ही तो लगेच घेतला नाहीत. ‘व्याज’ पकडताना ‘व्याजदर’ही पकडला जाईल, तो तर टक्का आहे, तेव्हा तिथे नियम गप्प राहतो याची टेस्ट जोडा, असं कळवलंत. खरं सांगतो, वैताग आला होता. पण साधन उगाच ओरडायला लागलं की पोरं त्याच्याकडे बघणंच सोडतात, हे आम्हीही पाहिलंय. यंत्राने कोडला नावं ठेवणं १९७८ च्या आसपास बेल लॅब्जमध्ये आलेल्या लिंट या तपासणी साधनापासून चालू आहे. का ठेवली हे वाचता आलं, तरच माणूस ऐकतो.

आणि ती उस्तवार. टेस्टच्या नमुन्यांतून ग्राहकांच्या खुणा पुसणं, कायदा विभागाच्या मागे लागून परवानगी मिळवणं, प्रत्येक नियमाखाली चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही नमुने लिहिणं. परवानाही अपाचे २.० निवडलात, त्यात पेटंटच्या हक्काचंही स्पष्ट लिहिलेलं असल्याने आमच्या ग्राहकाच्या वकिलांनी फार खळखळ केली नाही. हे सगळं तुमच्या अप्रेझलमध्ये कुठल्या रकान्यात बसलं असेल, देव जाणे.

पुढचा नियम आम्ही लिहितोय: १ एप्रिलला सुरू होणारं आर्थिक वर्ष लोक कोडात आकड्यानिशी कोरून ठेवतात, ते पकडणारा. मसुदा पाठवतो. टेस्ट या वेळी दोन्ही बाजूंच्या आहेत. सवडीने बघा.

आपला,
नारायण पेठेतला एक जावावाला