टेबलावरच्या पेटीला प्रहर शिकवणाऱ्या ताईंना पत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

दिवसभराच्या कामांच्या वेळापत्रकाप्रमाणे संगीत लावणारी, टेबलावर ठेवायची आमची छोटी पेटी आता सुरळीत चालू लागली आहे. तिच्या आतली जुळणी आमची असली, तरी कोणत्या वेळी काय वाजावे आणि कधी काहीच वाजू नये, हे तिला तुमच्यामुळे कळते. म्हणून हे जाहीर आभार.

पेटीची रचना साधी आहे. सागवानी खोक्यात पेटीचा मेंदू असलेली एक ईएसपी३२ चिप, एक स्पीकर, पुढे फिरवायचा नॉब आणि बोटभर पडदा. वेळेसाठी बसवलेले डीएस३२३१ हे घड्याळ तापमानानुसार स्वतःला सावरते, त्यामुळे वर्षाकाठी त्यात जेमतेम मिनिटाचा फरक पडतो. कामांच्या वेळा फोनमधल्या कॅलेंडरवरून वाय-फायने येतात. हा सगळा आराखडा शांतपणे पाहून तुम्ही एवढेच विचारलेत, "यात सूर्य कुठे आहे?"

त्या प्रश्नाने पेटीचे स्वरूपच ठरले. भैरव उजाडताना, आणि ‘पूर्वी’ व मारवा मावळतीला, हे संधिप्रकाशाचे राग. आणि पुण्यात मेअखेर सहाच्या सुमारास उगवणारा सूर्य जानेवारीत सात वाजून गेल्यावर दिसतो. आता पेटी गावाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख यांवरून रोजचा सूर्योदय व सूर्यास्त काढते आणि दिवसाचे चार व रात्रीचे चार प्रहर त्याप्रमाणे लहानमोठे करते. संगीतशास्त्रकार पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेले रागांचे समयचक्र तुम्ही आम्हांला पायरीपायरीने समजावलेत: संधिकाळी कोमल रिषभाचे (रे) राग, त्यानंतर शुद्ध रिषभ-धैवताचे (रे-ध), त्यानंतर कोमल गंधार-निषादाचे (ग-नी). हा नियम प्रोग्राममध्ये बसवायला फारच सोपा होता. मात्र सहसा संध्याकाळची खूण मानला जाणारा तीव्र मध्यम (म) असूनही सकाळी गायल्या जाणाऱ्या तोडीचे उदाहरण देऊन तुम्ही आम्हांला वेळीच थांबवलेत, आणि प्रत्येक रागाचा प्रहर हाताने नोंदवायला लावलात.

खरी कसोटी होती ती प्रहर आणि काम यांचा मेळ घालण्याची. सूर्यास्ताच्या वेळी कोणी हिशेब जुळवत बसला असेल, तर त्याला काय ऐकवावे? तुमच्या वहीत, आखलेल्या रकान्याच्या कडेला, पेन्सिलीने लिहिलेले आहे: "मारवा काम संपल्यावरच." पंचम (प) वर्ज्य, षड्जावरही (सा) बेताचाच विसावा, असा राग माणसाला स्वस्थ बसू देत नाही, हे तुम्ही गाऊन दाखवलेत तेव्हा पटले. लेखनाच्या वेळी बंदिशीचे शब्द आड येतात, म्हणून तिथे फक्त आलाप किंवा सरोद, सतार. बैठकीआधी नुसता तानपुरा, आणि बैठक चालू असताना तुम्ही तो रकाना कोराच ठेवलात.

त्याहून कष्टाचे काम तुम्ही न सांगता अंगावर घेतलेत. संग्रहातले प्रत्येक ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकून, विलंबित (संथ लय) कुठे संपते आणि द्रुत (जलद लय) कुठे सुरू होते याची मिनिटे तुम्ही टिपून दिलीत. कामाची वेळ संपली नसेल, तर पेटी त्या जागेआधी आवाज हळूहळू उतरवते. ऐन तानांच्या मध्ये तोडत नाही. (गायकाला मध्येच बंद करणारी यंत्रे आपण सगळ्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.) तानपुराही तुमचाच. पुढचे गाणे ज्या पट्टीत असेल त्याच पट्टीत तो वाजावा, म्हणून काळी एकपासून काळी पाचपर्यंत तो वेगवेगळा लावून तुम्ही ध्वनिमुद्रित करू दिलात, आणि पंचम नसलेल्या मालकंसासाठी पहिली तार आठवणीने मध्यमात लावलीत.

स्वामित्वहक्काबाबतही तुम्ही ठाम होतात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. त्या मुदतीतले काहीही पेटीत परवानगीशिवाय घातलेले नाही.

राहता राहिला मल्हार. पावसाळ्यात तो कोणत्याही प्रहरी चालतो असे तुम्ही म्हणालात, पण नुसता जुलै महिना पाहून तो लावायला तुमचा विरोध होता. पाऊस खरोखर पडत असला पाहिजे. पेटीला ते कळत नाही, म्हणून नॉब दाबून धरला की मल्हार, अशी सोय केली आहे. पहिली पेटी येत्या आठवड्यात तुमच्याकडे पाठवत आहोत. काही खटकले, तर कृपया त्याच वहीत लिहून ठेवावे. आम्ही न्यायला येऊ.

आपले कृतज्ञ,
पेटीचे कारागीर