गुळगुळीत चौक मोजणार कोण?

संपादक महोदय,

मृग नक्षत्र जवळ आले की नगर निगमाची माणसे रस्त्यांवरचे खड्डे मोजत फिरतात. ते योग्यच आहे. पण पहिल्या सरीत इंदूरच्या चौकात स्कूटी आडवी होते तिथे बरेचदा खड्डा नसतोच. डांबर घासून आरसा झालेले असते, नाहीतर चाक पांढऱ्या पट्ट्यावर किंवा चेंबरच्या लोखंडी झाकणावर आलेले असते. रस्त्याचा खडबडीतपणा रेती आणि टेपने मोजता येतो आणि तो जूनच्या आधी मोजला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

रबर आणि कोरडे डांबर यांच्यातला घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचा आकडा, 0.7 च्या आसपास असतो. रस्ता ओला झाला की तो 0.4 च्या घरात येतो. धूळ, गळलेले ऑइल आणि अगदी थोडे पाणी यांचा लेप बसला तर 0.2 पर्यंतही घसरू शकतो. ताशी 40 किलोमीटरने येणारी गाडी ब्रेक लागल्यापासून अनुक्रमे 9, 16 आणि 31 मीटरवर थांबते. ब्रेक दाबायला लागणाऱ्या एका सेकंदात ती 11 मीटर पुढे जाते, ते वेगळेच. गाडीचे वजन या हिशेबात येतच नाही. तिघे बसले की गाडी ‘दबून चालते’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की वजनाने पकड जितकी वाढते, तितकेच थांबवायचे ओझेही वाढते.

मुसळधार पाऊस हा लेप धुऊन नेतो, रिमझिम तो नुसता भिजवते. आपल्याकडे त्यात माळव्याची काळी माती मिसळते. खोदकामाच्या जागेवरून निघालेला डंपर चाकांना ही चिकण माती घेऊन डांबरावर येतो, आणि ती भिजली की साबणासारखी होते. अशा ठिकाणी थेट पाण्याचा फवारा मारला तर चिखल पातळ होऊन आणखी पसरतो. माती सुकी असतानाच फावड्याने खरवडावी, झाडून उचलावी आणि मग धुवावे. त्याहून बरे म्हणजे बांधकामाच्या फाटकाशी दहा-पंधरा मीटर जाड गिट्टी टाकावी, म्हणजे चाके तिथेच झटकली जातात. डिझेल सांडले तर लाकडाचा भुसा किंवा रेती टाकून ते शोषू द्यावे. मात्र ती रेती नंतर उचललीच पाहिजे. राहिलेले कण चाकाखाली छऱ्यांसारखे फिरतात आणि हे बरेचदा विसरले जाते.

वळणावर मामला आणखी नाजूक होतो. आठ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 20 किलोमीटर वेगाला 0.39 इतकी पकड लागते, 15 ला फक्त 0.22. पाच किलोमीटरने गरज जवळपास निम्मी होते! म्हणून वळणाच्या रेषेत चेंबरचे झाकण नको. तिथे चेकर्ड प्लेट, म्हणजे उंचवट्यांचा लोखंडी पत्रा, बसवलेली असली तरी तिचे उंचवटे चाकांनी झिजून जातात. रस्त्यावर वितळवून ओतलेले जाड थर्मोप्लास्टिकचे पट्टे रात्री चमकावेत म्हणून त्यात काचेचे मणी टाकतात, आणि ओले झाले की तेच पट्टे निसरडे होतात. मण्यांबरोबर धारदार कडांची बारीक गारगोटी मिसळली तर चमक राहते आणि पकडही.

आता मोजणीकडे. उन्हाळ्यात, विशेषतः जिथे बस आणि ट्रक रोज ब्रेक लावतात तिथे, जास्तीचे डांबर वर येते आणि गिट्टी आत बुडते. अशी जागा कोरडी करून ब्रशने झाडावी. एकसारखी चाळलेली बारीक कोरडी रेती 25 मिलिलिटर घ्यावी, खोकल्याच्या औषधाच्या 10 मिलिलिटरच्या झाकणाने अडीच मापे. तिचा ढीग करून सपाट लाकडी चकतीने गोल गोल पसरावी. फटी भरून रेती गिट्टीच्या माथ्याशी आली आणि पुढे पसरेना, की चार दिशांनी व्यास मोजून सरासरी काढावी. वर्तुळ 20 सेंटिमीटरचे झाले तर फटींची खोली सरासरी 0.8 मिलिमीटर आणि रस्ता बरा. 30 सेंटिमीटरपर्यंत पसरले तर खोली 0.35, म्हणजे पाण्याला निघून जायला वाटच उरलेली नाही. अशा जागी भर दुपारी डांबर मऊ असताना बारीक चिपिंग (खडी) पसरून रोलर फिरवावा, किंवा वरचा थर खरवडून काढावा. न खरवडता त्यावरच नवा पातळ थर चढवला तर पुढच्या उन्हाळ्यात डांबर पुन्हा वर येते.

रेतीची ही चाचणी अर्धेच सांगते. गिट्टीच्या दाण्याचा माथाच चाकांनी घासून चकाकला असेल, तर फटी खोल असूनही गाडी घसरते, आणि शहरातल्या वेगाला हाच दोष जास्त भोवतो. त्यासाठी ब्रिटिश पेंड्युलम टेस्टर लागतो. त्याचा रबरी तुकडा ओल्या रस्त्यावर झोका घेतो आणि किती अडला ते काटा दाखवतो. वळणे आणि गोल चौक यांसाठी 65 च्या खालचा आकडा कमी मानतात, साध्या रस्त्यांसाठी 45 च्या. फळीवर चप्पल ठेवून फळी तिरकी करण्याची शाळेतली पद्धत इथे फसवते. रबर ओल्या पृष्ठभागावर स्थिर राहिले की त्याखालचे पाणी पिळून निघते आणि पकड खोटी जास्त दिसते. मंदिरांच्या ओल्या पायऱ्यांवर चकचकीत ग्रॅनाइट बसवताना कंत्राटदार असाच प्रयोग करून दाखवतो, तेव्हा फसू नये. छिन्नीने टाकी लावून खडबडीत केलेला दगडच मागावा.

टायरमधली हवा कमी केली तर पावसात गाडी चिकटून चालते, असे पंक्चरवालेही सांगतात. उलट खाचा मिटतात आणि पाणी बाहेर पडत नाही. खाचेतल्या झिजेच्या उंचवट्याशी रबर टेकले की टायर बदलायचा. चाक जाम होऊन घसरू लागले की पकड कमी होते आणि तोलही जातो, म्हणून ब्रेक दोन्ही एकत्र आणि हळूहळू वाढवत दाबावेत.

शहरातल्या सगळ्या रस्त्यांवर रेती ओतायची गरज नाही. प्रत्येक झोनमधले सिग्नलचे चौक, उताराची वळणे आणि खोदकामाजवळचे फाटे एवढे मे महिन्यात तपासून यादी लावावी. खड्ड्यांच्या यादीशेजारी तिला एक कागद पुरेल.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, इंदूर