ओमची मुंज आणि तेवीस दाणे

रामबाग, इंदूर

प्रिय नीलू,

तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा "ओपीडीत आहे गं" म्हणून मी ठेवून दिले. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझा गुडघा आहे तसाच, आईची शुगर बरी.

ओमच्या पाठीचे फोटो मोठे करून पाहिले. मोत्यासारखा चकचकीत, ज्वारीएवढा दाणा, मधोमध बेंबीसारखा खळगा. मोलस्कमच, म्हणजे विषाणूने कातडीवर उठणारे दाणे. कांजिण्या नाहीत, चामखीळ नाही. देवीच्या विषाणूचा लांबचा भाऊबंद आहे, पण हे अण्णांना सांगू नकोस, ते थेट शीतळादेवीला नवस बोलतील.

आता तुझ्या सासूबाईंचं "मुंजीआधी सगळं खरवडून टाका." मुहूर्ताला १८ दिवस, दाणे २३. क्युरेट म्हणजे धारदार कडी, तिने दाण्यातला पांढरा गर काढतात. आधी भूल देणारं मलम जाड थापायचं, वर प्लास्टिकची पट्टी लावून तासभर थांबायचं. आठ वर्षांचं पोर पाच-सहा दाण्यांपर्यंत गप्प बसतं, मग चावतं. कोणी सगळे २३ एका बैठकीत काढतो म्हणाला तर तिथून उठ. ते मलम फार मोठ्या भागावर लावलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते, आणि ओमची एक्झिमावाली कातडी ते जास्तच शोषते. वर आपल्या सावळ्या रंगावर काळे डाग उरतात, महिनोन्महिने. उघड्या अंगाने बोहल्यावर २३ दाणे दिसले काय नि २३ डाग दिसले काय!

केमिस्टकडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणलंस ते औषध चुकीचं नाही, वेळ चुकीची आहे. ते रात्री एकदा लावायचं. दाण्याभोवती व्हॅसलीनचं कडं करायचं आणि टूथपिकच्या टोकाने फक्त माथ्यावर टेकवायचं. दाणा लाल झाला किंवा खपली धरली की त्या दाण्यापुरतं बंद. कापसाच्या बोळ्याने फासशील तर भोवतीची चांगली कातडी भाजेल. डोळ्यांजवळ आणि लंगोटीच्या जागी अजिबात नाही. पूर्ण असर व्हायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणजे नेमक्या मुहूर्तावर मधल्या खपल्या. मुंज उरकली की सुरू कर. नाही केलंस तरी बहुतेक मुलांचं सहा महिने ते दीड वर्षात आपोआप जातं. तू ऐकणार नाहीस म्हणा. बारावीत ऐकलं नाहीस, विन्याच्या बाबतीतही नाही. ते जाऊ दे.

काखेतला तो लालभडक, सुजलेला दाणा पाहून अँटिबायोटिक दिलंय ना? मला त्यात जंतुसंसर्ग दिसत नाही. अंगाला आत्ता कुठे विषाणूचा पत्ता लागलाय. असे दोन-चार लाल झाले की पुष्कळदा बाकीचेही पाठोपाठ मावळतात. लाली पसरत चालली, ठणका लागला, ताप आला तर मात्र मध्यरात्रीही फोन कर, उचलीन. औषध देणाऱ्या डॉक्टरांशी माझं बोलणं करून दे.

खाजेवर लावतेस ती तीन औषधांची मिसळ असलेली ट्यूब फेक. खरं दुखणं खाज आहे. खाजवताना नखात गर येतो आणि नख जाईल तिथे नवा दाणा उगवतो. नखं कापलेली, आंघोळ कोमट नि थोडक्यात, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. एक्झिमाच्या चट्ट्यांवर मी आधी लिहून दिलेलं सौम्य मलम चालेल, दाण्यांवर नको. शाळा चालू ठेव. टॉवेल वेगळा.

मुंजीच्या दिवशी उटणं घासायचं नाही. आत्या-मावश्यांना सांग, हळद नुसती टेकवा, रगडू नका. पंचा त्याचा त्यालाच. मातृभोजनात एका ताटात खुशाल जेव, अष्टवर्गातली मुलंही बसू देत शेजारी. शेजारी बसून हा पसरत नाही, कातडीला कातडी घासून नि टॉवेलमधून पसरतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? ग्वाल्हेरातच राहणार ना? दोन ओळी तरी लिही. मी आदल्या रात्री पोचते, लसणाची शेव आणते. एक किलो, विन्यापासून लपवून ठेव.

तुझी,
सुमी

ता. क. मानेवर, केसांच्या रेषेत दोन दाणे दिसतात. वस्तरा त्यावरून फिरला तर दाणे फुटून डोक्यावर पसरतील. न्हाव्याला आधी बोट ठेवून दाखव, तेवढ्या जागी कात्रीच चालव म्हणावं, आणि ब्लेड नवं.