सुभेदार रामजी सकपाळ आणि कोकणातील पेन्शनर घराणी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मुंबई इलाख्याच्या लष्करी दप्तरातील देशी सैनिकांच्या नोंदींची नावनिहाय सूची करण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील म्हणून. ज्या लष्करात त्यांच्या उमेदीची वर्षे गेली, त्या लष्करातले रामजी मात्र आपल्याला फार थोडे भेटतात, आणि त्यांच्याबरोबर पलटणीत असलेले कोकणातले इतर शिपाई तर मुळीच भेटत नाहीत. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाच्या आरंभापासूनच आपल्या पूर्वजांनी वंशपरंपरागत काम सोडून कंपनीच्या फौजेत चाकरी धरली होती, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. रामजींचे वडील मालोजी हे फौजेतलेच. मूळ गाव आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यातले. पत्नी भीमाबाई ही मुरबाडकरांची लेक, आणि तिचे माहेरही सुभेदारांचे, कबीरपंथी. गावात ज्यांना अक्षर शिकू दिले जात नव्हते, त्यांना पलटणीच्या शाळेत ते शिकता आले. रामजी तर अशा लष्करी शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापक होते आणि 1891 मध्ये महू छावणीत भीमराव जन्मले तेव्हा ते याच नोकरीत होते. बाबासाहेबांच्या विद्याव्यासंगाचे मूळ शोधताना बडोदे आणि कोलंबिया यांच्या आधी या शाळेपाशी थांबायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्याच वर्षी, 1892 मध्ये, सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तीन-तीन पिढ्या पलटणीवर जगलेल्या घरांचे अन्न, शिक्षण आणि मान एका हुकुमाने गेला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः लष्करातले निवृत्त हवालदार. त्यांनी 1894 मध्ये याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. रामजींनीही न्यायमूर्ती रानड्यांच्या साहाय्याने दाद मागितली होती. भरती पुन्हा सुरू व्हायला पहिले महायुद्ध उजाडावे लागले.

निवृत्त झाल्यावर रामजी दापोलीला आले, ते उगीच नव्हे. 1818 पासून दापोली ही दक्षिण कोकणची छावणी होती. नियमित फौज निघून गेल्यावरही 1857 पर्यंत तेथे जुन्या सैनिकांची पलटण राहिली आणि आसपासच्या गावांत पेन्शनरांची वस्ती झाली. पुढे सातारा, तेथे भीमाबाईंचे निधन, खटाव तालुक्यातल्या दुष्काळी कामावरची नोकरी, शेवटी परळची चाळ आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी मृत्यू, हा प्रवास आपल्याला कळतो, कारण मुलाने तो लिहिला. ज्यांच्या मुलांना लिहिता आले नाही, त्यांचे काय?

भीमा कोरेगावच्या स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यातल्या 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणून ते महार होते हे ओळखता येते. पण नुसत्या नावावरून आज कोणत्या घराने म्हणावे की हा आमचा खापरपणजा? बापाचे नाव, गाव आणि पेन्शनचा वारस यांचा माग लागायचा तर तो लष्करी कागदांतच लागेल.

मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेख संचालनालय आपल्याच विभागाखाली येते आणि मुंबई सरकारच्या लष्करी खात्याचे दप्तर तेथे आहे. त्यातील देशी सैनिकांच्या नेमणुका, निवृत्तिवेतन, वारस आणि अर्ज यांची गाव व नाव यांनुसार मराठीत सूची करून ती सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई फौजेचे जे कागद आहेत, त्यांच्या प्रती शासनाने मागवाव्यात. दापोली, मंडणगड, महाड आणि मुरबाड येथे शिबिरे भरवून घरोघरच्या पेट्यांतील पेन्शनचे दाखले, पदके आणि जुने फोटो यांची छायाचित्रे घ्यावीत. मूळ वस्तू मात्र त्या घरांकडेच राहू द्याव्यात, कारण त्यांच्यावर पहिला हक्क त्यांचा आहे. हे शेवटचे काम सर्वांत आधी सुरू करावे. कोकणातल्या पावसात आणि वाळवीत कागद टिकत नाहीत, आणि कोणते पदक कोणत्या आज्याचे हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.

आपला नम्र,
दापोली तालुक्यातील एक नागरिक