दाढ किती वर्षं लागणार, हे आधी सांगणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

पंचवटीहून नातवाला घेऊन येणारी आजी म्हटलं की ओळखाल. मुलगा-सून सातपूरला कामाला, त्यामुळे दवाखान्याचं खातं माझ्याकडे. घरात एकच पालुपद: ‘दुधाचे दात, पडायचेच आहेत, कशाला भरायचे?’ तुम्ही ते हसण्यावारी नेलं नाहीत. पुढचे दात सहा-सात वर्षांचा झाला की पडतील, पण मागच्या दाढा दहा-बारापर्यंत लागणार, म्हणालात. पोरगं आत्ता पाचाचं! दाढ आधीच काढावी लागली तर मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा अडवते, हेही तेव्हाच कळलं.

‘सगळ्यात भारी असेल ते भरा,’ असं मी म्हणाले होते. तुम्ही हातात आरसा दिलात आणि एकेक दात दाखवलात. दाढेवरच्या लहान खड्ड्यात ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट. ते दाताला आपणहून चिकटतं, थोडा ओलावा चालवून घेतं, फ्लोराइड सोडतं. झिजतं मात्र लवकर. दाताच्या रंगाचं कंपोझिट मजबूत, देखणं, पण दात कोरडाठाक हवा, आणि आमच्या चिरंजीवांची जीभ कापसाचा बोळा जागेवर राहू देईना.

दोन दाढांच्या फटीतून किडलेल्या दाढेला तुम्ही थेट स्टीलची टोपी सुचवलीत, कारण तिथे भरलेलं सिमेंट तुटण्याची भीती जास्त. मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू. पण ना सुई, ना ड्रिल. टोपी दाबून बसवली आणि त्याला कचकन चावायला लावलंत. काही दिवस चावा उंच लागेल, मग जुळेल, म्हणालात. जुळला. दाढ पडेल तेव्हा टोपीही तिच्यासोबत जाईल. तोवर शाळेत ‘रोबोटची दाढ’ दाखवणं चालू आहे.

माझ्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे, म्हणून तीच त्याला का नको, हेही विचारलं होतं. त्यात निम्मा पारा असतो, आणि पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या 2022 च्या निर्णयानुसार दुधाच्या दातांत आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांत ती टाळायची, एवढं सांगून ‘तुमची शाबूत आहे, तिला हात लावू नका’ म्हणालात. नवं काम काढायची आयती संधी सोडलीत. म्हणून हे आभार जाहीरपणे.

दिवाळीनंतर तपासणीला येतोय. धाकटी नातही बरोबर असेल. तिच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत पांढरे पट्टे दिसताहेत. तेवढे बघून ठेवा.

आपली,
पंचवटीची आजी