वाडे पाडायच्या आधी लोक्रोनानची गोष्ट ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी मुलीकडे फ्रान्सला गेलो होतो. पॅरिस दाखव म्हटलं तर म्हणे बाबा पॅरिस सगळेच पाहतात, आणि आम्हा दोघांना घेऊन गेली पार पश्चिमेच्या टोकाला, ब्रिटनीतल्या लोक्रोनान नावाच्या गावात. वस्ती 800 च्या आसपास, म्हणजे आमच्या नागपूरच्या महाल भागातली एखादी मोठी गल्ली समजा.

गाडी गावाबाहेरच ठेवावी लागते, पार्किंगचे पैसे देऊन, मग पायी आत. मला आधी वैताग आला, गुडघे दुखतात ना, पण चौकात पोचलो आणि गप्प झालो. चारी बाजूंनी काळ्याकरड्या ग्रॅनाइटची घरं, मधे विहीर, एका अंगाला पंधराव्या शतकातलं संत रोनानचं चर्च, आणि वर पाहिलं तर नुसतं आभाळ. वायरच नाही! सगळ्या जमिनीखालून नेल्यात.

एवढं भारी गाव कशाच्या जोरावर उभं राहिलं, तर कापडाच्या. भांगेच्या झाडाच्या धाग्यापासून जहाजांच्या शिडांचं जाड कापड इथे विणायचे आणि ते फ्रान्सच काय, इंग्लंड-स्पेनच्या जहाजांवरही चढायचं. चौकातलं एक घर फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून दाखवतात, हो तीच, पाँडिचेरीवाली. नंतर दुसऱ्या गावांनी धंदा ओढून नेला, माग बंद पडले, लोक गरीब झाले, आणि गरीब झाले म्हणूनच जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणाच्या खिशात पैसा उरला नाही. गाव वाचलं ते असं. पुढे सरकारने संरक्षण दिलं, टुरिस्ट येऊ लागले, पण खिडक्यांना पडदे आहेत, माणसं राहतात तिथे, नुसतं म्युझियम नाही झालं.

आपलं नेमकं उलटं झालं बघा. नागपूरही कापडाचंच गाव, कोष्टी-हलबांचे हातमाग, नागपुरी लुगडी, 1877 ला टाटांची एम्प्रेस मिल. मिल गेली, तिथे मॉल आला, आणि महालात पैसा आला तसे वाडे पाडून राहिले एकेक करून. भाऊबंदकीचा वाडा, बिल्डर आला, चार फ्लॅट आणि खाली दुकानं. कोणाला दोष देऊ? आमचाही गेला, सही मीच केली.

जेवायला कुट्टूच्या पिठाचे मोठे धिरडे, त्याला गॅलेट म्हणतात. बायको म्हणाली चला उपवासाचं मिळालं, आणि उघडलं तर आत अंडं आणि हॅम! तिने मग कुईन-अमानवर भागवलं, ब्रेटन भाषेत त्याचा अर्थच लोण्याचा केक, आणि लोणी म्हणजे अक्षरशः बोटांवरून ओघळत होतं.

दर सहा वर्षांनी जुलैत तिथे ग्रांद त्रोमेनी नावाची यात्रा निघते, संताच्या मागे 12 किलोमीटरची प्रदक्षिणा. मला आपली मारबत आठवली. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे मोठाल्या मूर्ती, यांची मिरवणूक इतवारी-महालच्या गल्ल्यांतून निघते तेव्हा पोरं पुढे बांबू घेऊन वायरी उचलत चालतात, नाहीतर मूर्ती अडकते. हे आपण वर्षानुवर्षं बघून राहिलो आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. निदान मारबतीच्या रस्त्यावरच्या वायरी जमिनीखाली घाला आणि सणाच्या दिवसांत तरी जुन्या गल्ल्यांमधे चारचाकी बंद ठेवा. आणि तुमच्या पेपरने महालात उभे असलेले वाडे एकेक करून फोटोसकट छापावेत. चिटणवीस वाडा सगळ्यांना माहीत आहे, पण बाकीचे? यादी करायला कोणी पाठवणार असाल तर मी सोबत फिरायला तयार आहे, सकाळी 10 च्या आत मात्र, नंतर ऊन सहन होत नाही.

आपला,
एक जुना वाचक, महाल, नागपूर