आजीचे उपास आणि पानशेतचा पूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आजी-नातीच्या कादंबरीवर आलेलं परीक्षण वाचलं. परीक्षकांना कादंबरी ‘गोड’ वाटली, आजी मात्र पटली नाही. दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेल्या घरात माणसं एकमेकांना इतकी धरून राहत नाहीत, आणि नातीला पोटभर मिळावं म्हणून आजीनं उपासाची थाप मारणं हा तर घासून गुळगुळीत झालेला प्रसंग, असं त्यांचं म्हणणं. कादंबरी मी ग्रंथालयातून आणून दोनदा वाचली. (विकत घेण्याच्या भानगडीत पडले नाही. किंमत पाहून आजीच आठवली.)

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत, नदीच्या बाजूला, दोन खोल्यांत राहत होतो. मी दुसरीत. वडील छापखान्यात कंपॉझिटर (शिशाची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारे), आजी चार घरी पोळ्या लाटायची. पाणी ओसरल्यावर घर उरलं नव्हतं आणि छापखान्यात गुडघाभर गाळ होता. खिळ्यांचे खण उलटेपालटे होऊन सगळी अक्षरं चिखलात कालवली गेली होती. मालकांनी ती पोत्यांत भरून कामगारांकडे दिली : धुवा, निवडा, आणून द्या. आम्ही तेव्हा एका शाळेच्या वर्गात मुक्कामाला होतो. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून ती रॉकेलच्या बोळ्यानं खिळे पुसायची आणि मी ओळखून वेगळे करायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे माझ्या चुका व्हायच्या. त्या सापडायच्या रात्री वडिलांना, पण धपाटा आजीचा. ‘मेले, डोळे आहेत का भोकं?’ आणि लगेच रॉकेलनं माखलेल्या त्याच हातानं जवळ ओढायची.

पुढे गोखलेनगरला, अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये आलो. परीक्षकांना एकाच घरातली भांडणं आणि माया एकत्र बसवता येत नाही. आमच्याकडे ती वेगवेगळी बसवायला जागाच नव्हती.

आता उपासाचं. हा प्रसंग शिळा वाटतो, कारण पुष्कळांनी तो न पाहता लिहिला आहे. या लेखिकेनं पाहिलेला दिसतो. तिच्या आजीच्या उपासाला साबुदाणा नाही, दाण्याचा लाडू नाही. कसा असेल? साबुदाणा ज्वारीपेक्षा महाग! नुसता कोरा चहा, तोही गुळाचा. आमच्या आजीचं अगदी हेच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. शिवाय रेशनचा डबा तळाला गेला की एखादा देव जास्तीचा निघायचा. शेजारच्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला नीट वाचता येऊ लागलं तेव्हा मी भर पंगतीत विचारलं, ‘आज्जी, आज कसली एकादशी?’ त्या दिवसापासून आई तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढू लागली. आजी आईशी आठ दिवस बोलली नाही, माझ्याशी पंधरा.

कादंबरीतली आजीही अशीच खोटं बोलते, नातवंडांत डावंउजवं करते, सुनेला टोमणे मारते. मला ती म्हणूनच खरी वाटली. माझी तक्रार वेगळी आहे. शेवटच्या तीस पानांत लेखिकेला तिची दया आली असावी. शिव्या जातात, आणि म्हातारी फळ्यावर लिहिण्याजोगी वाक्यं बोलू लागते. जन्मभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटलेली बाई असं बोलत नाही हो. परीक्षकांनी याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

आणि एक चूक, जी पुण्याच्या वर्तमानपत्रानं तरी पकडायला हवी होती. कादंबरीत पुराचं पाणी मध्यरात्री घरात शिरतं. ते आलं भर दिवसा. सकाळी शहरात शिरलं आणि दुपारपर्यंत चढत राहिलं. लकडी पूल पाण्याखाली गेलेला लोकांनी लख्ख उजेडात पाहिला. आमची आजी तर कामाच्या दुसऱ्या घरून, कणकेच्या हातांनी, लाटणं घेऊनच धावत आली होती. रात्री आलं असतं तर हे पत्र लिहायला मी उरले असते की नाही कोण जाणे.

पुढच्या आवृत्तीत एवढं दुरुस्त व्हावं. शेवटची तीस पानं गाळली तरी चालतील.

एक वाचक,
गोखलेनगर, पुणे १६